तिन्ही कामं तुझीच आहेत

अगं, शिकवणं, कादंबरी आणि पुस्तकांची परीक्षणं, यातलं एक काहीतरी सोडावं लागेल का, असं तू विचारलंयस. उत्तर आधीच देऊन टाकते. एकही सोडू नकोस. पण तिन्ही धरून ठेवायची तर काही गोष्टी आत्ताच ठरवायला हव्यात. त्या फोनवर घाईघाईत सांगण्यासारख्या नाहीत, म्हणून निवांत लिहितेय.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, कादंबऱ्या लिहिल्या आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांवर भरपूर लिहिलं. बघणाऱ्यांना वाटतं, ही तीन वेगवेगळी आयुष्यं आहेत. मला कधी तसं वाटलं नाही. तिन्हीच्या बुडाशी एकच काम असतं, वाचण्याचं. वर्गात आपण मुलांसोबत वाचतो, परीक्षणात अनोळखी वाचकासाठी वाचतो, आणि कादंबरीचा दुसरा खर्डा करताना स्वतःचंच लिहिलेलं परक्याच्या नजरेनं वाचतो. म्हणून यातल्या एका जागी खोटं वागलीस तर ते उरलेल्या दोन जागी पोचल्याशिवाय राहत नाही. मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच. पण तुझा दिवस कॉलेजात जातो, तर आधी कॉलेजचं बोलू.

सध्या तू घड्याळी तासिकांवर आहेस. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत, आणि जे मिळायचे तेही कधी हातात येतील याचा भरवसा नाही. या दिवसांत कादंबरी पुढे सरकत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. घरभाड्याची काळजी डोक्यात असताना लांब पल्ल्याचं लिखाण जड जातं. त्याऐवजी या काळात पीएचडी पुरी करून घे. विषय मात्र गाइडच्या सोयीचा घेऊ नकोस, तुझ्या लिखाणाला उपयोगी पडेल असा घे. तुझी कादंबरी गिरणगावातून आलेल्या बायकांची आहे ना? मग कामगारवस्तीतल्या साहित्यावर काम कर. चार-पाच वर्षं जे कागद चाळशील, ज्या म्हाताऱ्या माणसांना भेटशील, ते सगळं दोन्हीकडे कामी येईल.

कायम झालीस की कागदावरचा हिशेब मोठा सुखाचा दिसेल. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं आणि कामाचा आठवडा ४० तासांचा धरलेला आहे. मधले २४ तास वाचायला मिळतील असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या, फाइली येतात, प्रवेश समिती येते, परीक्षांचं पर्यवेक्षण आणि मूल्यमापन केंद्रात, म्हणजे कॅपला, बसून पेपर तपासणं येतं. त्यात तू मराठीची. म्हणजे वार्षिक अहवाल तू लिहायचा, प्राचार्यांचं भाषण तू लिहायचं, निवृत्त होणाऱ्यांचं मानपत्र तू लिहायचं. आणि तू बाई, म्हणून सूत्रसंचालन, रांगोळी, पाहुण्यांना ओवाळणं हेही तुझ्याच गळ्यात.

नवीन असताना सगळं नाकारता येत नाही, हे मला कळतं. पर्यवेक्षण कर, पेपर तपास, ती नोकरीच आहे आणि ती नीटच करायची. मानपत्रं मात्र नाकार. कारण सांगते. मानपत्रात प्रत्येक माणूस व्यासंगी, विद्यार्थिप्रिय आणि निगर्वी असतो. ती भाषा हाताला फार पटकन बसते. मग एक दिवस तुझ्या कादंबरीतली आजी मरते आणि तिच्याबद्दलची वाक्यं तू मानपत्राच्या भाषेत लिहून मोकळी होतेस. मी हे चांगल्या चांगल्या लेखकांच्या बाबतीत होताना पाहिलंय. त्या बदल्यात स्वतःहून ग्रंथालय समिती मागून घे. तिच्यावर यायला सहसा कुणी उत्सुक नसतं. नवी पुस्तकं कुठली घ्यायची, 'अनुष्टुभ्' आणि 'नवभारत'सारखी नियतकालिकं चालू ठेवायची का बंद करायची, हे तिथे ठरतं. तू तिथे असलीस तर ती चालू राहतील.

आणखी एक, कॉलेजनं तुझ्या कादंबरीची दखल घ्यावी अशी आशा मनात धरू नकोस. यूजीसीच्या त्याच नियमांच्या गुणतक्त्यात भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या शोधनिबंधाला १० गुण आहेत, अनुवादित पुस्तकाला ८ आहेत, पण कादंबरीसाठी वेगळा रकानाच नाही. तेव्हा बढतीसाठी लागतील तेवढे निबंध लिही, तेही मन लावून लिही, आणि कादंबरी त्या हिशेबाच्या बाहेर ठेव. तिथे ती सुरक्षित राहते.

आता वर्ग. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

वर्ग कादंबरीचा वेळ खातो असं तू म्हणालीस, ते मला पटत नाही. वेळ बाकीची कामं खातात. एखादी कादंबरी ओळीनं काही वर्षं शिकवलीस की तिचे सांधे दिसायला लागतात. पहिल्या वर्षी आपण कथानक आणि आशयसूत्रं सांगतो, पुढच्या वर्षी पात्रांमध्ये रमतो. मग कधीतरी फळ्याकडे पाठ करून उभं असताना लक्षात येतं, की लेखकानं वडिलांचा मृत्यू अर्ध्या पानात का उरकला आणि एका एसटीच्या प्रवासाला इतकी पानं का दिली. हे कुठल्या लेखन कार्यशाळेत शिकवून येत नाही. त्याच पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा, पगार घेऊन, जबाबदारीनं जावं लागतं, तेव्हा कळतं. असं वाचायला दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळतं, सांग बरं?

आणि मुलं. तुझ्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी, पहाटेच्या गाडीनं येणारी, घरातली पहिलीच पदवीपर्यंत पोचलेली मुलं आहेत. प्रमाण मराठीत उत्तर द्यायला बुजणारा मुलगा कादंबरीतला बांधावरचा संवाद ऐकून म्हणतो, मॅडम, असं कुणी बोलत नाही. त्याचं ऐक. एका नावाजलेल्या ग्रामीण कादंबरीतलं शिवाराचं वर्णन मी एकदा मोठ्या प्रेमानं वाचून दाखवत होते. मागच्या बाकावरच्या मुलीनं उभं राहून सांगितलं, की त्या महिन्यात रानात ज्वारी उभी नसते. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून माझ्या लिखाणातलं प्रत्येक पीक, प्रत्येक सण, प्रत्येक गाडीची वेळ मी माहीतगार माणसाला विचारून घेते. आठवड्यातला एक तास नुसतं मोठ्यानं वाचायला ठेव. नोट्स सांगू नकोस, अर्थ सांगू नकोस. कुठल्या वाक्याला माना वर येतात आणि कुठे मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात, एवढंच बघ.

मराठीतल्या कितीतरी दमदार कादंबऱ्या अशाच वर्गांच्या आसपास लिहिल्या गेल्या आहेत. भालचंद्र नेमाड्यांनी अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी शिकवलं, आणि त्यांचा चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' या चार कादंबऱ्यांतून एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात फिरत राहतो. राजन गवसांनी गारगोटीत मराठी शिकवत लिहिलं. त्यांच्या 'तणकट'ला २००१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रवीण बांदेकर सावंतवाडीत इंग्रजी शिकवत आले आणि 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला २०२२चा. म्हणजे लिहिण्यासाठी मुंबईलाच जाऊन राहायला हवं असं नाही. लहान गावातलं कॉलेज म्हणजे लेखकाची शिक्षा, असं तुझ्या मनात कुठेतरी आहे, ते काढून टाक.

आता वेळ. यावर मला फार बोलायचं नाही, कारण प्रत्येक घर निराळं असतं. एवढंच, की दिवसातला पहिला स्वच्छ तास कादंबरीला दे. डबा, भाजी, सासूबाईंची औषधं, सगळं त्याच्यानंतर. रात्री उरलेल्या वेळात परीक्षण लिहिता येतं, पेपर तपासता येतात, कादंबरी लिहिता येत नाही. घरात हे एकदाच, शांतपणे आणि रडू न येता सांग. नवऱ्याला चहा करता येतो, हे तू मला सांगितलंयस.

आणि उशिराची भीती बाळगू नकोस. 'कोसला' १९६३मध्ये आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण 'झूल' १९७९ची आणि 'हिंदू' २०१०ची, मध्ये ३१ वर्षं गेली, हे कुणी सांगत नाही. त्या वर्षांत त्यांनी गोव्यात आणि मुंबईत विद्यापीठात शिकवलं, आणि ज्याला १९९१चा अकादमी पुरस्कार मिळाला तो 'टीकास्वयंवर' हा समीक्षेचा ग्रंथ दिला. दुसरीकडे शांताबाई शेळके बघ. आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये काम केलं, मग नागपूरचं हिस्लॉप कॉलेज, मग मुंबईत रुइया आणि महर्षी दयानंद. शिकवता शिकवता कविता, गाणी, कादंबऱ्या, अनुवाद, सदरं, सगळं लिहीत राहिल्या. दोन्ही वेग खरे आहेत. तुझा वेग कुठला ते पन्नाशीपर्यंत कळलं तरी चालेल.

आता परीक्षणाकडे येते. तू ते तिघांतलं हलकं काम समजतेस. मानधन थोडं, शब्द सहाशे, आणि रविवार संपला की पुरवणी रद्दीत. माझं मत अगदी उलट आहे. तुझी परीक्षा तिथेच होणार आहे.

तुला एलिझाबेथ हार्डविकबद्दल सांगते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन गावात १९१६मध्ये जन्मलेली, अकरा भावंडांतली एक. पीएचडी करायला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आली आणि ती अर्धवट सोडून लिहायला लागली. १९४५मध्ये पहिली कादंबरी आली, 'द घोस्टली लव्हर'. ती वाचून 'पार्टिझन रिव्ह्यू'चे संपादक फिलिप राव यांनी तिला भेटायला बोलावलं आणि त्या वेळच्या एका बड्या समीक्षक बाईंबद्दल तिचं मत विचारलं. तिनं सरळ सांगितलं, फारसं बरं नाही. आणि तिला परीक्षणाचं काम मिळालं.

पुढे १९५९च्या ऑक्टोबरमध्ये 'हार्पर्स' मासिकात तिचा एक लेख आला, पुस्तक-परीक्षणाच्या घसरणीवर. तिचा राग कुणी पुस्तकांना शिव्या देतं यावर नव्हता. तिचं म्हणणं होतं, की मोठ्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत प्रत्येक पुस्तकाचं सारखंच मिळमिळीत कौतुक होतंय. कशाचाच विरोध नाही, कशाचंच प्रेम नाही, आणि त्यामुळे खरोखर चांगलं पुस्तक आलं तरी वाचकाला ते ओळखू येत नाही. न्यूयॉर्कमधल्या प्रकाशन व्यवहारात राहून, तिथल्याच सर्वांत ताकदवान पुरवणीबद्दल तिनं हे नाव घेऊन लिहिलं. तो लेख ज्यांनी लिहून घेतला ते संपादक रॉबर्ट सिल्व्हर्स. तीन वर्षांनी, डिसेंबर १९६२मध्ये, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत संप झाला. तो ११४ दिवस चालला. पुरवण्या बंद, प्रकाशकांना जाहिरात द्यायला जागा नाही. त्या पोकळीत हार्डविक, तिचा नवरा कवी रॉबर्ट लोवेल, शेजारी राहणारे जेसन आणि बार्बरा एप्स्टीन आणि सिल्व्हर्स यांनी मिळून १९६३च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स' काढलं. पहिल्या अंकाला लेखकांनी पैसे न घेता लिहिलं. ते पाक्षिक आजही चालू आहे.

हीच हार्डविक बर्नार्ड या मुलींच्या कॉलेजात वर्षानुवर्षं लेखन शिकवत होती. तिच्या हाताखालून गेलेल्यांत मेरी गॉर्डन आणि सिग्रिड नुनेझसारख्या कादंबरीकार आहेत. वर्गातही ती गोड बोलून वेळ मारून नेत नसे, असं तिच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलंय. तिच्या स्वतःच्या कादंबऱ्या तीनच, १९४५, १९५५ आणि १९७९. शेवटची 'स्लीपलेस नाइट्स' सर्वांत चांगली, आणि मला वाटतं ती चांगली आहे कारण मधली चोवीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या वाक्यांशी एकदाही लबाडी केली नाही. हे माझं मत आहे, सिद्ध करता येणार नाही. पण तू ती कादंबरी वाचलीस की तुलाही तसंच वाटेल.

आपल्याकडे परीक्षण कसं होतं ते तुला लवकरच दिसेल. प्रकाशक पुरवणीकडे दोन प्रती पाठवतो, आत 'अभिप्रायार्थ' असा शिक्का. पण त्याआधीच लेखकाचा फोन येतो. कुणी तुझ्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर असतो, कुणी तुझ्या गाइडचा वर्गमित्र असतो, कुणी पुढच्या वर्षी तुझ्याच कादंबरीचं प्रकाशन करणार असतो. लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये १९७४पर्यंत परीक्षणाखाली लिहिणाऱ्याचं नाव नसायचं. तुझं नाव असणार आहे, आणि ज्याच्यावर लिहिलंस तो माणूस पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात तुझ्या शेजारच्या खुर्चीवर असणार आहे. मराठीचं जग लहान आहे. म्हणून तुला जास्त जपावं लागेल.

जवळच्या मैत्रिणीच्या, आपल्या प्रकाशकाच्या घरच्या माणसाच्या, विभागप्रमुखांच्या आणि जिच्याशी तुझं भांडण आहे तिच्याही पुस्तकावर लिहू नकोस. संपादकाला एका ओळीत कळव, माझा यात संबंध आहे, दुसऱ्या कुणाला द्या. चांगला संपादक यावर खूश होतो. प्रकाशन समारंभात भाषण केलंस तर त्याच पुस्तकाचं परीक्षण करू नकोस. त्या भाषणाचं चार जागी कापून परीक्षण बनवणारे पुष्कळ आहेत, तू त्यांत जाऊ नकोस. पुस्तक पुरं वाच. हे सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटतं, पण मलपृष्ठ आणि प्रस्तावना वाचून लिहिलेली परीक्षणं मी शिकवणाऱ्या माणसांच्या नावानं छापलेली पाहिली आहेत. कथानक अर्धं सांगून जागा भरू नकोस. लेखकाला काय करायचं होतं ते आधी समजून घे, ते त्याला साधलं का ते नंतर बघ, आणि पुस्तकातलं एखादं वाक्य उतरवून दाखव म्हणजे वाचक स्वतः ठरवेल.

पहिलं पुस्तक असलेल्या लेखकाशी हळू बोल, पण खोटं बोलू नकोस. त्याच्या शंभर पानांत पाच पानं खरी असतील तर ती पाच कुठली ते नेमकं सांग. त्याला आयुष्यभर पुरेल असं तेवढंच असतं. स्वखर्चानं छापलेल्या एखाद्या म्हाताऱ्या मास्तरांच्या कवितासंग्रहाची टर उडवून धीट समीक्षक होऊ नकोस. त्यावर न लिहिणं हेच योग्य. कडक लिहायचं ते ज्यांच्यामागे पुरस्कार, अभ्यासक्रम आणि माणसं उभी आहेत त्यांच्यावर लिही. त्यासाठी जास्त तयारी कर, त्यांची आधीची पुस्तकं काढून वाच, एकही तपशील चुकू देऊ नकोस.

आणखी एक गोष्ट घडेल. बाई म्हणून तुझ्याकडे बायकांची आत्मचरित्रं, बायकांच्या कविता आणि लहान मुलांची पुस्तकंच येत राहतील. ती आवडीनं वाच, त्यांच्यावर मन लावून लिही. पण इतिहास, राजकारण, जाडजूड कादंबऱ्या, अनुवाद हेही तोंडानं मागून घे. कुसुमावती देशपांडे नागपुरात इंग्रजी शिकवत होत्या, कथा लिहीत होत्या, आणि 'मराठी कादंबरीचे पहिले शतक' हा आढावाही त्यांनीच घेतला. संबंध शतकभराच्या कादंबरीवर एका प्राध्यापक बाईनं निवाडा दिला, हे लक्षात ठेव. १९६१मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, त्या जागी बसलेल्या पहिल्या स्त्री.

खोट्या परीक्षणानं पुस्तकाचं फारसं बिघडत नाही. ते आठवड्यात विसरलं जातं. बिघडतं तुझं. ढिसाळ वाक्याला तू छापील अक्षरांत 'ओघवती शैली' म्हणालीस, पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणालीस, की तुझ्या कानाला ते वाक्य खरंच ओघवतं वाटायला लागतं. तंबोरा उतरलेला असेल तर गाणाऱ्याला आपण कुठे घसरतोय ते कळत नाही, तसं होतं. मग सकाळी कादंबरी लिहायला बसशील तेव्हा तुझं स्वतःचं वाईट वाक्य तुला ऐकू येणार नाही. वर्गात एखादा मुलगा विचारेल, मॅडम, हे पुस्तक खरंच चांगलं आहे का, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. एकाला खूश करायला लिहिलेल्या चार ओळींनी तिन्ही कामं नासतात. म्हणून मी इतक्या कळकळीनं सांगतेय.

कादंबरीत माणसं घेण्याबद्दल तू विचारलंस, तेव्हाही मला हार्डविकच आठवली. लोवेल तिला सोडून इंग्लंडमध्ये दुसरीकडे राहायला गेला, १९७२मध्ये घटस्फोट झाला. १९७३मध्ये त्याचा 'द डॉल्फिन' हा कवितासंग्रह आला. त्यात त्यानं हार्डविकनं दुःखात लिहिलेल्या खासगी पत्रांतला मजकूर, बदलून, तिला न विचारता वापरला होता. छापण्याआधी त्याची जवळची मैत्रीण, कवयित्री एलिझाबेथ बिशप हिनं त्याला लांब पत्र लिहून असं करू नकोस म्हणून कळवळून सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही. १९७४मध्ये त्या पुस्तकाला पुलित्झर मिळालं.

आणि हार्डविकनं काय केलं? १९७९च्या 'स्लीपलेस नाइट्स'मध्ये निवेदिकेचं नाव एलिझाबेथच आहे. केंटकी आहे, न्यूयॉर्कची हॉटेलं आहेत, घरकाम करणाऱ्या बायका आहेत, गायिका बिली हॉलिडे आहे. नवरा जवळजवळ नाहीच. सूड घ्यायला सगळी सामग्री हातात होती, वाचायला जग टपलेलं होतं, आणि तिनं ते पान लिहिलं नाही. मला साहित्यातली ही फार मोठी गोष्ट वाटते.

तुझ्या कादंबरीत कॉलेज येणारच, आणि स्टाफरूममधले सगळे त्यात स्वतःला शोधणारच. येऊ दे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याबद्दल लिहायला घाबरू नकोस. पण जिनं तुला विश्वासानं सांगितलंय, जी उलटून छापील उत्तर देऊ शकणार नाही, तिचं दुखणं तिला न विचारता उचलू नकोस. गिरणगावच्या ज्या मावशींकडे तू जातेस त्यांना आधी सांग, की मी हे लिहिणार आहे. आणि लिहिलेलं वाचून दाखव.

पैशाचं थोडक्यात. कादंबरीनं घर चालेल या भ्रमात राहू नकोस. चारशे रुपयांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती संपल्या आणि दहा टक्के मानधन ठरलं असेल, तर हातात वीस हजार येतात. पण म्हणून करार न करता पुस्तक देऊ नकोस, आणि छापण्यासाठी प्रकाशकाला स्वतः पैसे तर मुळीच देऊ नकोस. चांगली कादंबरी असेल तर थांबायची तयारी ठेव. पुस्तक आल्यावर त्याच्यावर कुणी काय लिहितंय त्याला उत्तर देत बसायचं नाही, आणि कुणाला लिही म्हणून फोन करायचा नाही. तू जे दुसऱ्यांकडून सहन करणार नाहीस ते स्वतः करू नकोस.

तुला परीक्षणं लिहायला बोलावणाऱ्या पुरवणीच्या संपादकांना सोमवारी हो कळव, आणि कुणाकुणाच्या पुस्तकांवर लिहिणार नाहीस ती नावंही त्याच पत्रात कळव. तुझ्या कादंबरीवर मी कधीही परीक्षण लिहिणार नाही, कारण मी तुझी बहीण आहे. पण झालेली प्रकरणं मला पाठव, कच्ची असली तरी. मी पेन्सिल घेऊन वाचीन आणि जे खरं वाटेल तेच तुला कळवीन.